सुनीलदादांची साइट बदलताना

साइट बदलायला घेतली की काम जागच्या जागी राहतं आणि किस्से तेवढे टेबलावरच्या चहाच्या कपांसारखे साचत जातात. आवरायला कुणीच उठत नाही.

आमचं ऑफिस मोशीत, गोडाउन चाकणला. कारखान्यांना सेफ्टी शूज, हातमोजे, हेल्मेट ऑनलाइन विकतो. साइट एका जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालायची, ती नव्या लायब्ररीवर न्यायची होती. जुनी साइट सुनीलदादांनी एकट्याने लिहिलेली. नवी लायब्ररी त्यांना येत नव्हती. जुनी बंद झाली की दादांचं काय, असं मी मालकांना, आण्णांना, विचारलं. ते म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. तेव्हापासून या कामावरून माझं मनच उडालं.

*

आण्णा मूळचे मोशीचेच. त्यांना मी तासभर समजावलं. शेवटी त्यांनी विचारलं, बूट तेच, भाव तेच, मग बदलणार काय? मी म्हटलं, आतलं.

"आतलं गिऱ्हाईक बघतंय व्हय?"

तरी परवानगी मिळाली. साइट फार हळू चालते, असं त्यांचे जावई जेवताना म्हणाले होते!

*

दादांच्या कोडात 'चहाआधी' आणि 'चहानंतर' अशी दोन फंक्शनं होती. आमच्या नव्या डेव्हलपरला, मारुंजीहून रोज ट्रॅफिक झेलत येणाऱ्या प्राचीला, ती गंमत वाटली. नव्या साइटच्या चाचणीत तिने ती घेतलीच नाहीत.

लगेच गोडाउनमधून फोन. सगळा माल एकाच टेम्पोत कोंबायचा का? चाकणला चहाच्या सुट्टीआधीच्या ऑर्डरी पहिल्या टेम्पोत जातात, नंतरच्या दुसऱ्यात. प्राचीने दोन्ही फंक्शनं त्याच नावांनी परत घातली. दादांनी तिच्यासाठीही चहा सांगितला.

*

खंडेनवमीला वजनकाटा, टेम्पो, लॅपटॉप, सगळ्यांना झेंडू वाहिला. आण्णांनी नव्या साइटच्या नावाने नारळ फोडला. दादांनी जुना कोड असलेल्या लॅपटॉपवर दोन फुलं ठेवली आणि जेवायला आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. पण आम्ही सगळे इतके दमलो होतो, की कुणी त्यांना बोलवायलाही उठलं नाही.

*

दसऱ्याला नवी साइट सुरू झाली. बटण दाबलं की क्षणात ऑर्डर! आणि फोन सुरू झाले. कारखान्यांचे स्टोअरवाले विचारायचे, ऑर्डर गेली का? गेली म्हटलं तरी पटायचं नाही.

"इतक्यात कशी जाईल राव?"

जुन्या साइटवर चाक गरगरायचं, तेवढ्यात माणूस तंबाखू मळून घ्यायचा. आता खात्री म्हणून तीच ऑर्डर पुन्हा टाकायचे. गोडाउनमध्ये परत आलेल्या हातमोज्यांचा ढीग लागला.

दादा प्राचीशेजारी जाऊन बसले. तिला विचारत विचारत त्यांनी नव्या लायब्ररीतला आपला पहिला कोड लिहिला. बटण दाबलं की चाक फिरतं, फिरत राहतं, मग 'ऑर्डर मिळाली' असं येतं. बाकी तो कोड काहीही करत नाही. फोन थांबले.

पुढच्या आठवड्यात आण्णा ऑफिसात आले. म्हणाले, एवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाला आवडेल असं एकच काम झालंय, ते कुणी केलं? प्राचीने दादांकडे बोट दाखवलं.

"मग ह्याला नव्या साइटवर घ्या," आण्णा म्हणाले. "बाकीच्यांचं बघू."