मागून लिहिलेली वही

आत्याबाई गेल्या तेव्हा मी घरात नव्हते. एवढ्या एका गोष्टीने माझं डोकं फिरलं आणि पुढे कितीतरी महिने ते फिरलेलंच राहिलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं मी केलं, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं. त्या सकाळी औषध संपलं म्हणून मी बेडशाहून कामशेतला गेले आणि तेवढ्यात त्यांनी प्राण सोडला. शेवटचं पाणी पाजलं ते थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी. दहाव्याला पाहुण्यांसमोर आक्का म्हणाल्या, "शेवटाला मीच व्हते जवळ." त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

आमचं अंगण एक, चुली दोन. त्या दिवसापासून मी आक्कांशी बोलणं टाकलं. त्याही हट्टाला पेटलेल्या, त्यांनीही टाकलं. भांडी मात्र दोन्हीकडची जोरजोरात बोलायची. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा खरा प्रश्न उभा राहिला. आमच्यात श्राद्धाचा स्वयंपाक दोन्ही सुनांनी एका चुलीवर करायचा असतो. मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं, मी तिच्या शेजारी बसून वडे तळणार नाही. हे म्हणाले, "मंग एका आईची दोन श्राद्धं घालायची का आमी?" दोघा भावांत कधी वाकडा शब्द नव्हता. तो आता माझ्यामुळे येणार हे मला दिसत होतं, आणि तरी माझ्याच्याने मागे हटवत नव्हतं.

यातच छातीत धडधड सुरू झाली. झोप येईना. कामशेतच्या डॉक्टरीणबाईंनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. त्या म्हणाल्या, "मनात साठलंय ते कुणाशी तरी बोला. बोलवत नसेल तर रोज थोडं लिहा." मला हसू आलं. गोळी मागायला गेले आणि शाळेचा अभ्यास घेऊन आले.

पण त्रास इतका होता की करून बघावं वाटलं. प्रश्न एवढाच होता की लिहायचं कशात? आमच्या घरात साधी वही पडली की तिच्यावर कोणी दुधाचा रतीब लिहितं, कोणी फोन नंबर. घरात एकच वही अशी होती जिला कोणी हात लावत नव्हतं. आमच्या भजनी मंडळाने भैरवनाथाच्या देवळाचं काम काढलं तेव्हा बायकांना जपाच्या वह्या वाटल्या होत्या. चौकोना-चौकोनांत 'श्रीराम' लिहायचं आणि वही देव्हाऱ्याशेजारी ठेवायची. देवाची वही कोणी उगाच उघडत नाही. तेव्हा मी पुढून देवाचं नाव लिहू लागले आणि मागून माझी रड. मोठी हुशारी केली असं मला तेव्हा वाटलं.

दुपारी कामं आवरली की बसायची. आधी नावाची एक ओळ, मग वही उलटी करून आक्का. काय काय लिहिलं असेन! त्या पाहुण्यांपुढे कशा बोलल्या, त्यांनी माझी वाळत घातलेली चादर मुद्दाम कशी सरकवली. काही दिवसांनी मागचं वाचलं तर चादरीचं मलाच हसू आलं, कारण त्या दिवशी वारा होता. हळूहळू आक्का कमी झाल्या आणि मी देवालाच विचारू लागले. नाथा, इतकं केलं मी, त्याच सकाळी मला घरातून का बाहेर काढलंस? हे एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहीत असे. उत्तर येत नव्हतं, पण झोप येऊ लागली. जपाच्या वहीत असलं लिहिणं पाप आहे की काय, ही शंका मात्र गेली नाही.

मग ते घडलं. वर्षश्राद्धाच्या थोडं आधी गाभाऱ्याचा चौथरा भरायचा होता. लिहून झालेल्या वह्या त्याच्या खड्ड्यात, मूर्तीच्या बरोबर खाली ठेवून वरून काँक्रीट ओतायचं ठरलं होतं. मी बाजार करून आले तर देव्हाऱ्याशेजारी वही नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मंडळाची मानसं आलती. भरल्यासारकी दिसली, दिली."

"उघडून बघितली का?"

"देवाची वही कशाला उघडू?"

मी हातातली पिशवी तिथेच टाकली. कारण वह्या गोळा करून प्रत्येकीच्या पहिल्या पानावर हळदकुंकू लावायचं काम मंडळाने दिलं होतं आक्कांना. वहीवर माझं नाव होतं. आता उरलंसुरलंही तुटणार, हे मनात धरूनच मी देवळाकडे धावले. वाटेत नाथाला म्हटलं, एवढं एकदा वाचव.

देवळात गेले तर मिक्सर बंद. पट्टा तुटला होता आणि चालवणारा नवा पट्टा आणायला कामशेतला गेला होता. पट्टे तुटतच असतात, त्यावर मी काही म्हणत नाही. गवंडी सावलीला बसले होते. खड्ड्याच्या काठावर आक्का एकट्याच, लाल फडक्यात वह्या बांधत होत्या. माझी वही त्यांच्या मांडीवर होती.

कित्येक महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या. "काय गं धाकटे, तुजी वही परत पायजे का? देऊ?"

त्यांनी वाचली होती का, ते चेहऱ्यावरून कळेना. हात पुढे केला असता तर वही मिळाली असती. मी वहीकडे बघितलं आणि एकदम वाटलं, परत नेऊन काय करू? पुन्हा तेच वाचू? मी म्हटलं, "राहू द्या आक्का. नाथाला दिली."

त्यांनी ती फडक्यात ठेवली, गाठ मारली आणि खाली बघतच म्हणाल्या, "म्या पानी पाजलं खरं. पन आत्याबाईंचं डोळं दाराकडं व्हतं. 'धाकटी आली का, आली का' करत गेल्या. मी जवळ बसल्याली, आन नाव तुजं. मला लय लागलं गं ते. लोकांत कसं सांगनार?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. आक्काही रडल्या. मग दोघींनी मिळून ते गाठोडं खड्ड्यात उतरवलं. पट्टा आला, मिक्सर सुरू झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते सगळं झाकून गेलं.

वर्षश्राद्ध एकाच चुलीवर झालं. नैवेद्याआधी अन्न चाखायचं नसतं, त्यामुळे कढी खारट झाल्याचं पंगतीतच कळलं. मीठ कुणाचं जास्त पडलं यावरून आम्ही जावा अजून भांडतो, पण तोंडाने भांडतो.

आक्कांनी वही वाचली होती का, हे मी आजवर विचारलेलं नाही. वाचून बोलल्या असतील तर त्यांचं मन मोठं. न वाचताच बोलल्या असतील तर मी नाथाला जे विचारत होते त्याचं उत्तर त्याने त्यांच्या तोंडून दिलं. दोन्हीतलं काहीही असो, हात मला त्यालाच जोडायचे आहेत.

मी अजून रोज लिहिते. वही भरली की ती परत वाचत बसत नाही, देवळात नेऊन देते. चौथऱ्यावर आता मूर्ती बसली आहे. तिथे कपाळ टेकते तेव्हा खाली माझं काय काय पुरलेलं आहे ते मला ठाऊक असतं. ते सगळं त्याने घेतलं, आणि मला माझी जाऊ परत दिली.