एक वाक्य बोलायला काय होतं

मालिकेतली सून आजही दाराआडून सगळं ऐकून गप्प राहिली. तिचा चेहरा तीनदा दाखवला, ढग गडगडले आणि जाहिराती लागल्या. माझं डोकंच फिरलं. काल भर कोर्टात वकिलाला झापणारी बाई आज घरात मुकी कशी होते?

"अगं, एक वाक्य सांग नवऱ्याला, मिटलं!" मी टीव्हीवर ओरडले.

"घरच्या माणसाला सांगणंच अवघड असतं गं," मेथी निवडता निवडता आई म्हणाली.

मी उठले, पंखा वाढवला, परत बसले. माझ्या बदलीचा कागद सोमवारपासून पर्समध्येच आहे. मी गेले की आई इथे एकटी.

आईनं टीव्हीचा आवाज बंद केला. "हं, बोल."

"मेथी कोवळी मिळाली आज," मी म्हणाले.