नटाची जन्मतारीख

मुलुंडला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. त्या दोन खोल्यांत तीन माणसं शहाणी होती आणि चौथी मी. मी अठरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि एका अमेरिकन नटाच्या पायी पुरती वाया गेलेली. हे आईचं मत होतं आणि ते ती शेजारणींनाही सांगायची.

स्टेशनाजवळच्या रद्दीच्या दुकानात गोऱ्या साहेबांच्या घरून आलेली इंग्रजी सिनेमासिकं मिळत. त्यातली त्याची चित्रं कापून मी वहीत चिकटवायची, कणकेच्या खळीने, म्हणून त्या वहीला झुरळं लागायची. त्याचे सिनेमे मी पाहिले असतील जेमतेम चार, तेही रविवारी सकाळच्या खेळाला. पण त्याचं चरित्र मला तोंडपाठ होतं. माळरानावरच्या एका गुरांच्या वाडीवर ऐन सूर्योदयाला जन्म. बाप लहानपणीच गेलेला. मग हॉटेलात बशा धुतल्या, ट्रक हाकले, दुसऱ्या नटाच्या ऐवजी घोड्यावरून पडण्याची कामं केली आणि पडता पडता एक दिवस हा स्वतःच नायक झाला. तीन लग्नं केली, तिन्ही मोडली. एका मासिकाने तर त्याची जन्मतारीख, गाव आणि कोंबडा आरवला तेव्हाची वेळसुद्धा छापली होती. आमच्याकडे पत्रिकेला लागतो तेवढा सगळा ऐवज तिथे होता, पण हे माझ्या डोक्यात यायला वेळ लागला.

पत्रिका हा आमच्या अण्णांचा प्रांत. दिवसभर फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पाटावर बसले की ज्योतिषी. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. कॉटखाली पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात आजोबांच्या वेळेपासूनची पंचांगं, वर्षावार बांधून ठेवलेली. त्या ट्रंकेला आम्ही कुणी हात लावत नसू. अण्णा कुणाला घाबरवायचे नाहीत, पण एकदा बोलले की बोलले. त्याचं कारणही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न आजोबांनी पत्रिका न बघता करून दिलं आणि ती विशीच्या आत पांढऱ्या कपाळाने माहेरी आली. अण्णा ज्योतिष शिकले ते त्यानंतर.

ताई चोविशीची झाली होती. शाळेत शिकवायची, दिसायला नीटस, स्वभावाने माझ्या बरोबर उलट. तिला घाटकोपरचं एक स्थळ आलं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. बघायला आला तेव्हा त्याने ताईला गाता येतं का, विणता येतं का, असलं काही विचारलं नाही. शाळेतली नोकरी पुढे करायला आवडेल का, एवढंच विचारलं. ताईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पुढचे आठ दिवस ती भांडी घासताना गुणगुणत होती. आमच्या घरात गुणगुणणं ही मोठी बातमी होती.

नवव्या दिवशी अण्णांनी पत्रिका खाली ठेवली आणि आईला सांगितलं, की त्यांना कळवून टाका, पत्रिका जुळत नाही. हे वाक्य आमच्यात नकाराला वापरतात, त्याचा कुणी राग धरत नाही. पण आईने हट्टच धरला, की नक्की काय जुळत नाही ते सांगा, गुण तर चांगले पंचवीस जमतात. अण्णांनी पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाले, "मुलगा चाळिशी बघणार नाही."

मला अक्षरशः धक्का बसला. तो मुलगा परवाच आमच्या दारात वाकून चपला घालत होता. चांगला धडधाकट, दोन वेळा पोहे घेणारा. आणि आमच्या अण्णांनी पाटावर बसून त्याला खुशाल मारून टाकलं होतं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. ताई नारळ खवत होती. करवंटीला खोबऱ्याचा कण उरला नव्हता तरी ती खवतच होती.

तिच्या हातातून मी करवंटी काढून घेतली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाळीस म्हणजे अजून तेरा वर्षं. तेरा तर तेरा."

अण्णांपुढे हे बोलायची तिची छाती नव्हती. माझी होती, पण माझं ऐकणार कोण? मी सिनेमावाली. मग वाटलं, बोलून उपयोग नाही, अण्णांना त्यांच्याच पाटावर गाठलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी नटाची तारीख, वेळ आणि गाव एका कागदावर लिहून अण्णांना दिलं. मैत्रिणीच्या वडिलांचा एक अमेरिकन साहेब आहे, त्याला आपल्या ज्योतिषाचं भारी कौतुक आहे, अशी थाप मारली. अण्णा इतके खूश झाले की मलाच लाज वाटली. माझ्या शाळेतला जुना नकाशा काढून त्यांनी ते गाव शोधलं, अक्षांश-रेखांश काढले, त्यांच्याकडे सूर्योदय तेव्हा आपल्याकडे काय, याचा हिशेब तीनदा केला. ट्रंकेतून त्या सालचं पंचांग निघालं. चार संध्याकाळी हेच. आई म्हणाली, घरच्या पोरीचं लग्न मोडलं आणि हे अमेरिकेची पत्रिका मांडतायत.

पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, साहेब मोठा सज्जन दिसतो. शांत, वाचनाची आवड, बहुतेक अध्यापनाचा पेशा. विवाहयोग मुळीच नाही, जवळजवळ ब्रह्मचारीच म्हण. कीर्ती बेताची. आयुष्य मात्र भरपूर, ऐंशीच्या पुढे.

मी कपाटामागून वही आणली आणि त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली. एकेक पान उलटत मी बोलत होते. ही पहिली बायको, ही दुसरी, ही तिसरी, हिने त्याच्यावर कोर्टात दावा लावला. इथे त्याने हॉटेलात मारामारी केली. हा त्याचा बंगला, ही त्याला बघायला आलेली गर्दी. आई मागे येऊन उभी राहिली होती. एका पानावर तो एका बाईचं चुंबन घेत होता, ते बघून तिच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. माझ्या वहीत असलं काही असेल याची तिला कल्पनाच नव्हती. मला वाटलं, आता फटका बसणार.

अण्णांनी फटका मारला नाही. त्यांनी वहीतली तारीख आपल्या कागदाशी ताडून पाहिली. मग कुंडली पुन्हा बघितली, बोटांनी घरं मोजली. त्यांचा चेहरा असा पडला की माझी जिरली. जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही झाला नाही.

सकाळी ऑफिसला निघताना चपला घालता घालता ते आईला म्हणाले, "घाटकोपरला निरोप धाड. मी इथे चुकतो तर तिथेही चुकत असेन."

वैशाखात ताईचं लग्न झालं. अण्णांनी त्यानंतर कुणाची पत्रिका बघितली नाही. शेजारी विचारायचे, तर डोळ्यांवर ताण येतो म्हणून सांगायचे. ट्रंक पुन्हा कॉटखाली गेली.

आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर कॉलेजात एक मैत्रीण मला म्हणाली, तुझा हिरो गेला की गं. मी हसले. तिने शपथ घेतली. कालच्या इंग्रजी पेपरात आलंय म्हणाली, चांगला मोठा मजकूर. तो माझा कोण लागत होता? पण उरलेले तास सोडून मी तडक घरी आले. अण्णा ऑफिसातून आदल्या दिवसाचा इंग्रजी पेपर माझं इंग्रजी सुधारावं म्हणून घरी आणत. त्या संध्याकाळी मी दारातच त्यांच्या हातून तो ओढून घेतला. आतल्या पानाला एक चौकोनी भोक होतं.

मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, साहेबाने काहीतरी कापून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात तोच पेपर काढला. हृदय बंद पडून तो गेला होता, स्वतःच्या बागेत. तेवढंच असतं तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. पण खाली लिहिलं होतं, की त्याची खरी हकिगत आता त्याच्या बहिणीने सांगितली. गुरांची वाडी, माळरान, बशा धुणं, ट्रक, सगळं कंपनीच्या जाहिरात खात्याने रचलेलं. तो एका मोठ्या शहरातल्या शिंप्याचा मुलगा. बाप अजून जिवंत होता. नाव बदललेलं, गाव बदललेलं, आणि वय सहा वर्षांनी कमी केलेलं. खरी जन्मतारीख, खरं गाव आणि बहिणीला आईकडून कळलेली वेळसुद्धा खाली छापली होती.

मी ते तीनदा वाचलं. आधी संताप आला. मेल्याने मला फसवलं, इतकी वर्षं मी याच्या खोट्या बापासाठी हळहळत होते. आणि मग, तिथे बाकावर बसल्याबसल्या, दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी सुन्न झाले. अण्णांनी त्या तारखेला, त्या गावी, त्या वेळेला जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडली होती. असा माणूस जगात झालाच नव्हता. मग अण्णा चुकले कुठे? मी त्यांना चुकवलं होतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास मी एका जाहिरातीच्या थापेने मोडला होता, आणि त्या मोडलेल्या विश्वासावर ताईचं लग्न लागलं होतं. भावोजींची तारीख मात्र खरी होती. ती त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने लिहून दिली होती.

माझा ज्योतिषावर विश्वास नव्हता, हे मी स्वतःला घरी येईपर्यंत बजावत होते. तरी घाटकोपरहून ताई-भावोजी आले की मी भावोजींच्या चेहऱ्याचा रंग बघायची. ते खोकले की माझा घास अडकायचा. मी कुणाला बोलले नाही. ताईला कशी बोलणार, तिला तर तेव्हा दिवस गेले होते. आणि अण्णांना सांगणं म्हणजे त्यांना पुन्हा त्या पाटावर बसवणं. मी ठरवलं, हे माझं पाप आहे, मीच सांभाळीन. इतकी वर्षं सांभाळलंही. एवढ्याशा घरात एवढं मोठं गुपित मी एकटीने ठेवलं याचा मला आतून थोडा अभिमानच होता.

अण्णांचं वागणं मला तेव्हा नुसतं विचित्र वाटायचं. जावई सिगारेट ओढतो म्हणून शांत माणूस एकदम चिडायचा. जावयाला कारखान्यात रात्रपाळी लागली तर हे आठवडाभर झोपायचे नाहीत. ताई माहेरी आली की दारात आधी तिच्या मागे कोण आहे ते बघायचे आणि मग तिला "ये गं" म्हणायचे. मी म्हणायची, अण्णांना पोरीपेक्षा जावई लाडका.

अण्णा गेले तेव्हा भावोजी अडतीस वर्षांचे होते. तेरावं झाल्यावर आईने ट्रंक रिकामी करायला सांगितली. पंचांगं आता कुणाच्या कामाची होती? मी वर्षावार गठ्ठे बाहेर काढत होते, भावोजी दारात बसून ते सुतळीने बांधत होते. एक पंचांग गठ्ठ्यातून सुटं, सगळ्यांत खाली होतं. मी दिलेल्या सालचं नव्हतं. त्याच्या सहा वर्षं आधीचं होतं.

मधल्या एका पानात पेपरचं चौकोनी कात्रण होतं. माझ्या नटाचा फोटो. जन्मतारखेखाली अण्णांच्या टाकाची बारीक रेघ. त्याला लागून अण्णांच्या अक्षरात एक कागद, वर ती खरी तारीख, ती वेळ, ते खरं गाव, अक्षांश-रेखांश, खाली पट्टीने आखलेली कुंडली. पंचांगाचं नेमकं पान उघडून त्यांनी समोर ठेवलं असणार, सगळी तयारी केली असणार. आता फक्त ग्रह मांडायचे. मांडले असते म्हणजे त्यांना कळलं असतं, की आपण खरोखर चुकतो की नाही.

बाराही घरं कोरी होती.

भावोजींनी सुतळीची गाठ मारत विचारलं, काय सापडलं एवढं? मी तो कागद पंचांगात परत घातला, पंचांग मिटलं आणि त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, "रद्दी आहे, भावोजी. बांधून टाका."

त्यांनी बांधलं. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि अजून दोन वेळा पोहे घेतात.