मागं राहणाऱ्याचं काम

ताई गेल्यानंतर मी एक जुनी मालिका पाहायला बसलो, असं कुणाला सांगितलं तर ते विचित्रच वाटेल. अशा दिवसांत माणसं पोथी वाचतात, देवळात जाऊन बसतात. मी पेणला ताईच्या घरी, तिच्या मुलीच्या खोलीत, संगणकासमोर बसलो आणि पुठ्ठ्याच्या अवकाशयानाची ती हिंदी मालिका लावली. करमणूक मला नको होती. त्या मालिकेतल्या एका वाक्याचा उरलेला अर्धा भाग हवा होता.

पहिला अर्धा माझ्यापाशी होता. यानाचा कप्तान चंद्रावरच्या ठाण्यात मागे राहणाऱ्या एका पोराला निघताना सांगतो, "मागं राहणाऱ्याचं काम अवघड नसतं. त्यानं फक्त..."

फक्त काय, ते मी विसरलो होतो.

मी चौथी-पाचवीत असतानाची ही गोष्ट. आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. वडील कंपनीत शिफ्टला जात. आईचं आजारपण लांबलं तेव्हा पेणची मावशी आली आणि आईच्या उशाशी बसून म्हणाली, "थोरलीला माझ्याकडं दे गो. तिची शाळा तरी नीट व्हईल. बारका राहू दे तुझ्याजवळ." ताई तेव्हा आठवीत होती. ती पेणला गेली आणि मी आईजवळ राहिलो.

मावशीच्या घराला लागूनच काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गणपतीचा कारखाना होता. तिथे एका फळीवर, सुकायला ठेवलेल्या मूर्तींच्या रांगेत, टीव्ही ठेवलेला असे. रविवारी सकाळी त्यावर ही मालिका लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी होता, पण वडिलांचा नियम होता, "दुसऱ्याच्या दारात चपला काढून टीव्ही बघायला बसायचं नाय." मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे गेलो तेव्हा पहिले दोन भाग मी स्वतः पाहिले आणि पुरता अडकलो. चंदेरी कपड्यांतली माणसं, लाल-हिरवे दिवे, पिंपासारखा दिसणारा यंत्रमानव. रोह्याला परत यायची वेळ आली तेव्हा मी ताईला शपथ घातली, की पुढचं सगळं तिने मला सांगायचं.

तिने सांगितलं. ती रविवारी दुपारच्या एसटीने यायची आणि सोमवारी सकाळी परत जायची. आल्यावर आधी आईपाशी बसायची, तिची वेणी घालायची, औषधाच्या बाटल्या पुसून ठेवायची. मी दारात घुटमळत राहायचो. मग ती यायची आणि मागच्या पायरीवर बसून भाग सुरू करायची. कप्तानाचा आवाज जाड काढायची. यंत्रमानवासाठी स्टीलचा पेला तोंडाला लावायची. मी मध्येच काही विचारलं तर म्हणायची, "गप रे. तू बोललास की यान पडंल."

तिचा कप्तान मोठा गमतीचा होता. संकटात सापडला की आधी स्वतःवर चिडायचा, मग यानावर, मग जेवणावर. यंत्रमानव त्याला टोमणे मारायचा. आत खाटेवर आईसुद्धा ऐकत असे. एकदा ती आतूनच म्हणाली, "तुमच्या कप्तानाला बायको नाय वाटतं. म्हणून एवढा वराडतो." ताई आणि मी हसून लोळलो. आईचा त्या वर्षातला तेवढाच एक विनोद मला आठवतो.

आई श्रावणात गेली. दिवसकार्य होईपर्यंत ताई आमच्याकडे होती. मग तिला जावं लागलं. शाळा होती आणि मावशीकडे हंगामाची धांदल सुरू होती. वडील शिफ्टला लागले. मी घरात एकटा राहू लागलो. त्या आठवड्यात मी फार कमी बोललो आणि जवळजवळ जेवलोच नाही. शेजारच्या काकू ताट झाकून ठेवत आणि तसंच परत नेत. वडिलांनी एकदा हात उगारला, मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवून ते बाहेर निघून गेले.

रविवारी ताई आली. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि स्टोव्ह पेटवला. तांदळाच्या पिठाची उकड काढली. परातीत पीठ मळता मळता, मी विचारलंही नसताना, तिने त्या दिवशीचा भाग सांगायला घेतला. चंद्रावरच्या ठाण्यातून यान निघणार असतं. आत सगळ्यांना पुरेल इतकी हवा नसते. एकाला मागे राहावं लागणार असतं, आणि ते पोर राहतं. कप्तान त्याच्यासमोर गुडघ्यावर बसतो आणि त्याच्या काचेच्या शिरस्त्राणाला आपलं शिरस्त्राण टेकवतो.

"मग तो म्हणतो," ताई म्हणाली. ती भाकरी थापत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "मागं राहणाऱ्याचं काम अवघड नसतं. त्यानं फक्त..."

तव्यावरची भाकरी फुगली. तिने ती उलटली. तिच्या मनगटाला पीठ लागलेलं होतं. हे सगळं मला दिसतं. तिचे ओठ हललेलेही दिसतात. त्या शब्दांनंतर माझ्या छातीवरचं काहीतरी सरकलं, मी पाट ओढला आणि ताईच्या हातची भाकरी खाल्ली, हेही आठवतं. शब्द तेवढे नाहीत.

पुढे आम्ही मोठे झालो. ताईचं लग्न पेणमध्येच झालं. भावोजी डोलवीच्या कंपनीत लागले. मी रोह्याला राहिलो, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि आयुष्यभर पुस्तकांना पुठ्ठे घातले. त्या वाक्याचा उत्तरार्ध कधी निसटला ते मला कळलं नाही. कळलं असतं तरी घाई नव्हती. ताई पेणला होती, वाक्य तिच्याकडे होतं. कधीही विचारता आलं असतं.

तिचं आजारपण आईच्या मानाने फारच थोडक्यात आटोपलं. शेवटी शेवटी ती बोलत नव्हती, आणि तिच्याजवळ बसल्यावर तर हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. तो आला दिवसकार्यानंतर. पाहुणे गेले होते आणि माझी भाची भिंतीला टेकून बसली होती. पहिल्या दिवसापासून ती रडली नव्हती. कॉलेज, स्वयंपाक, आल्यागेल्याचा चहा, सगळं ती नीट करत होती. ती म्हणाली, "मामा, आता मी काय करायचं रे?"

मला वाटलं, ते वाक्य आत्ता पाहिजे. मी तिला सगळी हकिकत सांगितली. तिने एका संध्याकाळी शोधाशोध करून मालिका मिळवली. कुणीतरी जुन्या टेपांवरून सगळे भाग इंटरनेटवर चढवले होते. "सापडलं तर मलापण सांग," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

मालिका साधारण होती. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, पण होती. यान हललं की मागची भिंत हलत होती. चंद्र म्हणजे कुठलीतरी दगडाची खाण होती आणि एका दृश्यात वरच्या कोपऱ्यात झुडपाची फांदी दिसत होती. इंधनाची टाकी म्हणजे उलटा ठेवलेला थर्मास. भाची मधून मधून हसत होती आणि मग माझ्याकडे पाहून गप्प होत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मला खटकत होतं ते वेगळंच. चित्रं सगळी ओळखीची होती. ताईने सांगितलं होतं तिथेच दार उघडत होतं, तिथेच दिवा लाल होत होता. पण कप्तान चिडत नव्हता. तो संथ, सभ्य हिंदीत अंतर आणि वेग सांगत होता. यंत्रमानव एकही टोमणा मारत नव्हता. हिंदीतून मराठीत आणताना ताईने मीठमसाला लावला असेल, असं मी स्वतःला समजावत होतो.

मग तो प्रसंग आला. ठाणं, पोर, गुडघ्यावर बसलेला कप्तान. दोन शिरस्त्राणं एकमेकांना टेकली. मी पुढे वाकलो.

कप्तान त्या पोराला हवेच्या टाकीचा खटका कसा फिरवायचा ते सांगत होता. आधी डावीकडे, मग खाली. काटा तांबड्या रेघेखाली आला तर दुसरी टाकी जोडायची. पोराने मान हलवली. कप्तान उठला. दार बंद झालं.

आम्ही तो प्रसंग पुन्हा पाहिला. मग पुढचे भागही पाहिले, न जाणो वाक्य दुसरीकडे असेल म्हणून. ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडे गेलो. मावशी आता फार थकली आहे, पण ओसरीत बसून मूर्तींच्या मुकुटांना खडे चिकटवते. काका जाऊन बरीच वर्षं झाली. कारखाना मुलगा चालवतो. मी तिला मालिकेबद्दल विचारलं.

"यानाची ना? हाय की लक्षात. तुझ्या काकांचा जीव जायचा तिच्यापायी."

"का?"

"अरे, डोळ्यांची आखणी सकाळच्या उजेडात करायचे ते. आखणीच्या वेळी कारखान्यात कुणी खोकलेलं चालायचं नाय. ब्रश घसरला की मूर्ती वाया. आणि पोरांना नेमका तेव्हाच टीव्ही पायजे. मग काकांनी कायदा केला, चित्र बघा, आवाज नाय. बटण पिळून पार बंद."

"दर रविवारी?"

"हंगामात दर रविवारी. आषाढ लागला की आवाज बंद, तो गणपती जाईपर्यंत."

मावशी हसली. तिने एक खडा चिमटीत धरून ठेवला होता.

"आणि तुझी ताय! ती बसायची सगळ्यांच्या पुढं, नि ओठातल्या ओठात त्या माणसांची भाषणं करायची. कप्तानाचं पण तीच, त्या पिंपाचं पण तीच. बाकीची पोरं तोंडात बोळे कोंबून हसायची. काका म्हणायचे, गो बाय, माझ्या गणपतीचा डोळा तिरळा झाला तर तुझ्याच सासरी पाठवीन तो."

"आई गेल्यानंतरही?"

मावशीने खडा मुकुटावर ठेवला, दाबला. "तेव्हा नाय बोलायची. नुसती बघत बसायची. एकदा तो कुणीतरी वाकून पोराशी बोलत होता, ती बघतच राहिली. काका उठून तिच्याजवळ गेले. हातातला ब्रश तसाच. डोळा अर्धा टाकून माणूस उठला रे, असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

मी परत ताईच्या घरी आलो आणि भाचीला हे सांगितलं. कप्तान ते बोललाच नव्हता. आवाज बंद असलेल्या टीव्हीसमोर बसून, आईच्या दिवसकार्यानंतरच्या पहिल्या रविवारी, चौदा वर्षांच्या मुलीने ते वाक्य त्याच्या तोंडात घातलं होतं आणि एसटीने माझ्यासाठी आणलं होतं. तिच्यासाठी ते कुणी आणलं होतं, हा विचार मला आजवर शिवला नव्हता.

भाचीने संगणक सुरू केला. तो प्रसंग लावला आणि आवाज बंद केला.

"बोल मामा," ती म्हणाली. "कदाचित येईल."

कप्तान गुडघ्यावर बसला. त्याचे ओठ हलू लागले. मी म्हणालो, "मागं राहणाऱ्याचं काम अवघड नसतं. त्यानं फक्त..." ओठ हलतच राहिले. मग तो उठला.

"त्यानं फक्त वाट बघायची," भाची म्हणाली. "असं असेल?"

"नाही."

"दिवा लावून ठेवायचा?"

"नाही गं."

"जेवायचं? तू जेवलास ना त्यानंतर?"

"जेवायचं असं नव्हतं."

"मग आठवण ठेवायची?"

"ते तर नक्की नव्हतं. ताई असलं काही बोलली नसती."

तिने आणखी पुष्कळ सांगून पाहिलं. काही चांगली होती, काही मुद्दाम वेडीवाकडी, मला हसवण्यासाठी. प्रत्येक वेळी ते चूक आहे हे मला लगेच कळत होतं. म्हणजे बरोबर शब्द आत कुठेतरी असलेच पाहिजेत. नाहीतर मी हे सगळे नाकारले कशाच्या जोरावर?

"सगळंच चूक म्हणतोस," ती शेवटी म्हणाली. "मग तूच कायतरी सांग ना. खरं नसलं तरी चालेल. आईनं नाय का सांगितलं?"

मी प्रयत्न केला. जन्मभर वाचलेल्या पुस्तकांतलं दुःखाबद्दलचं बरंच काही माझ्या जिभेवर आलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळून टाकलं. ती थांबली होती. खरोखरच ऐकायला थांबली होती. मग तिचा चेहरा हळूहळू मोडला आणि ती रडू लागली. तिची आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, मोठ्याने, लहान मुलीसारखी.

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. पडद्यावर पुढचा भाग आपोआप सुरू झाला होता आणि त्यातली माणसं आवाजाशिवाय एकमेकांशी बोलत होती.