साडूभाऊंची एका सीटची गाडी

आख्ख्या सिंगापुरात आमच्या साडूभाऊंएवढा कायदा पाळणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांनी घेतली तेवढी बेकायदा वस्तूही आख्ख्या सिंगापुरात कुणी घेतली नसेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. सासऱ्यांना दोन मुली. थोरलीला बँकेतला साहेब मिळाला आणि धाकटीला मी; दुसऱ्या वेळेपर्यंत सासरे शोधून शोधून दमले असावेत. साडूभाऊ टॅम्पिनीसला कॉन्डोच्या महागड्या सोसायटीत राहतात आणि बँकेत रिस्क बघतात, म्हणजे कुठं काय धोका आहे ते सगळ्यांच्या आधी ओळखायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मी नववीपर्यंत शिकलो. पुढं शिकायला माझी हरकत नव्हती, मास्तरांची होती. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कॅन्टीनमध्ये मी आचारी आहे, दुपारी कॅन्टीनच्या स्कूटरवरून डबे पोचवतो. धोका माझ्याही कामात असतो, पण तो खाणाऱ्याला.

साडूभाऊंचं कायदा पाळणं साधंसुधं नाही. लिफ्टमधली नोटीस ते रोज नव्यानं वाचतात, रात्रीतून बदलली असेल तर काय घ्या. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली डावीकडं वळवायची असली तर आधी डावा हात बाहेर काढतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, सांगते की झोपेत कूस बदलतानासुद्धा त्यांचा हात आधी बाहेर येतो आणि तिच्या नाकावर बसतो. एकदा आम्ही दोघं तोआ पायोहला कुणाकडं तरी गणपतीच्या आरतीला चाललो होतो. उशीर झालेला, रस्ता मोकळा, आणि सिग्नलचा माणूस लाल. मी सरळ चालत पलीकडं गेलो. साडूभाऊ अलीकडं उभे राहून मला म्हणाले, "साडू, परत या आणि नीट क्रॉस करा." मी हसलो आणि पुढं निघालो. पुढं सगळ्या बिल्डिंगा सारख्याच, आणि पत्ता साडूभाऊंकडं. तासाभरानं घर सापडलं तेव्हा साडूभाऊ प्रसाद खाऊन हात पुसत होते.

माझ्या स्कूटरला पुढं लिंबूमिरची असते. आमच्या गावाकडं कुणी त्याशिवाय गाडी काढत नाही, आणि माझं चालवणं बघता ती मलाच बांधायला हवी. साडूभाऊंनी पहिल्यांदा बघितली तेव्हा चष्मा काढून पुसला. "साडू, हे काय आहे?"

"नजर लागू नये म्हणून."

"कुणाची नजर? डब्याच्या स्कूटरला कोण नजर लावतंय? हा अडाणीपणा आहे, ते सोडा. पण हे लूज ऑब्जेक्ट आहे. रस्त्यात पडलं तर लिटरिंग. फाइन बसेल." मी तेव्हापासून गाठ घट्ट मारतो.

अशा माणसानं रेसची गाडी घेतली. ट्रॅकवर पळवायची, एका सीटची, उघडी. ते मूळचे कोल्हापूरचे. लहानपणी माळावर रेसच्या गाड्या बघायला जायचे, या वेडाचा तेवढाच काय तो पुरावा. पुलापलीकडच्या देशात जोहोरला एका रेसवाल्याकडून ती त्यांनी घेतली आणि आमच्या कॅन्टीनच्या मागच्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेऊन तिथं ठेवली. मी बघायला गेलो तर जमिनीला चिकटलेला एक लांबट चिरूट, त्याला चार उघडी चाकं. दार नाही, छप्पर नाही, दिवे नाहीत, काच नाही. आत बसायचं नाही, बाथटबमध्ये पडतात तसं पडायचं. मी विचारलं, "हॉर्न कुठाय?"

"ट्रॅकवर हॉर्न लागत नाही."

"मग पुढचा बाजूला कसा होतो?"

साडूभाऊ वाकून चाक पुसायला लागले. ताईही बघायला आली होती, तिनं वेगळंच विचारलं. "एकच सीट?"

"सिंगल-सीटर आहे. एकच असणार."

"मग मी?"

"तू एमआरटीनं ये," साडूभाऊ म्हणाले, म्हणजे इथल्या मेट्रोनं, अगदी सहज, त्यात काही चुकतंय हे लक्षात न येता. सगळ्या बँकेचे धोके ज्याला आधी दिसतात त्याला बायकोचा चेहरा दिसला नाही. पुढं बरेच दिवस त्यांना घरी डब्यासारखं जेवण मिळालं, झाकलेलं आणि गार.

दुसरा कुणी असता तर गाडी पलीकडंच ठेवून सुटीच्या दिवशी ट्रॅकवर पळवून आला असता. साडूभाऊंना ती रस्त्यावर चालवायची होती, आणि तीही कायद्यानं. इथं साध्या गाडीला रस्त्यावर आणायचं म्हणजे घाम फुटतो, आणि ही तर तात्पुरत्या परवान्यावर आलेली. मुदतीच्या आत तपासणीत पास झाली तर पुढचं बघायचं, नाही झाली तर पुलापलीकडं परत. मी म्हटलं, "कशाला हा ताप?" तेव्हा ते गाडीत आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "साडू, ट्रॅकवर कुणीही चालवेल. मला हिच्यातून सिग्नलला थांबायचंय. वीस वर्षं दुसऱ्यांचे धोके मोजतोय. एक धोका आपला घ्यावा म्हणतो. पण परवानगी काढून." मी हसणार होतो. पण ते टबात पडून वर बघत होते, आणि एरवी ते माझ्याकडं खाली बघतात, म्हणून राहिलं.

मग काम सुरू झालं. गाळ्याच्या मालकाला आम्ही अंकल म्हणायचो; चिनी म्हातारा, स्वतःचा गाड्या वाहून न्यायचा ट्रक, आणि प्रत्येक गोष्टीला आधी "कॅनॉट" म्हणायची सवय. दिवे लावले तर ते जमिनीपासून फार खाली आले, कायद्यात बसेनात. मग लोखंडी दांड्यांवर वर चढवले. गाडी खेकड्यासारखी डोळे काढून बघायला लागली. चाकांवर मडगार्ड आले, आरसे आले, हॉर्न आला, बोटभर काच आली आणि त्या काचेला मिशीएवढा वायपर आला. मागं सायलेन्सर आला. रिव्हर्स गियर नव्हताच, तोही कुठून तरी आला. जोरात पळावी म्हणून जे जे कुणी अक्कल लावून काढून टाकलं होतं ते ते साडूभाऊ अक्कल लावून परत बसवत होते. अंकल एकदा म्हणाला, "सर, यू ॲड सम मोअर, आफ्टर दॅट इट बिकम टॅक्सी."

या सगळ्यात माझी मदत म्हणजे बॅटरी धरणं. ती मी चुकीच्या ठिकाणी धरतो असं साडूभाऊंचं मत पडलं, मग मी चहा धरायला लागलो. एकदा कुणी नसताना आत बसून बघितलं. आत गेलो, बाहेर येईना. पोट स्टिअरिंगखाली अडकलं. अंकल आणि साडूभाऊंनी खांद्याला धरून ओढून काढलं, आणि साडूभाऊ घामाघूम होऊन म्हणाले, "आता कळलं का एकच सीट का असते?"

शेवटी इंडिकेटर बसले. त्या दिवशी मी साडूभाऊंना पहिल्यांदा खूश बघितलं. इंजिन बंद, गाळ्याचं शटर अर्धं खाली, आणि हे आत पडून डावा, उजवा, डावा, उजवा. मला बाहेर उभं करून विचारायचे, "दिसतोय का?" मी म्हणायचो, दिसतोय. "नीट बघा." नीट दिसतोय.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते कॅन्टीनमध्ये आले आणि म्हणाले, "साडू, लिंबू आहे का? आणि चारदोन हिरव्या मिरच्या." मला वाटलं, ताईचा राग अजून चालू आहे, पोह्यांवर भागवत असतील. मी चांगल्या तिखटजाळ लवंगी मिरच्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी अंकलच्या ट्रकवर चढवून गाडी तपासणी केंद्रावर नेली. मी डबे घेऊन स्कूटरवर मागं. दिवे पास, हॉर्न पास, आरसे पास. इन्स्पेक्टर मान हलवत पुढं पुढं जात होता आणि साडूभाऊ प्रत्येक वेळी थँक्यू म्हणत होते. राहिली फक्त धुराची तपासणी. इंजिन चालू करून रेस दिली. थोड्या वेळानं मला खमंग वास आला. मी आधी माझे डबे उघडून बघितले. माझ्या हातून काहीतरी करपलं असणार हा माझा पहिला अंदाज कायम असतो. डबे ठीक होते. मग ठसका आला. मला आला, अंकलला आला, मशीनवरच्या माणसाला आला. फोडणीत मिरची जास्त झाली की घर रिकामं होतं, तशी ती शेड रिकामी झाली. इन्स्पेक्टरनं डोळे पुसत पुसत गाडीखाली वाकून बघितलं, पक्कड आत घातली आणि सायलेन्सरच्या पाइपाला वायरनं बांधलेलं एक काळं लिंबू आणि जळक्या मिरच्या बाहेर काढल्या.

"सर, व्हॉट इज दिस?"

साडूभाऊ चष्मा काढून पुसायला लागले. बँकेतला साहेब, रिस्कवाला. कुणाला दिसू नये म्हणून मागं लपवून बांधलं, आणि गरम पाइपाला मिरची बांधली तर काय होईल हा धोका काही त्यांना दिसला नव्हता. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

मी पुढं झालो. "सर, माइन. आय टाय. ही डोंट नो. आय नो स्कूल." माझ्याकडं आणि माझ्या स्कूटरच्या लिंबूमिरचीकडं बघून इन्स्पेक्टरला ते लगेच पटलं. मला बघून अशा गोष्टी लोकांना लगेच पटतात. पण त्यानं काही फरक पडला नाही. गाडीला नको ती वस्तू बांधलेली, धूर झालेला, म्हणून नापास. आणि पुढची तारीख परवान्याची मुदत संपल्यानंतरची.

परत आल्यावर साडूभाऊंनी गाळ्याचं शटर ओढलं, कुलूप लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लूज ऑब्जेक्ट नव्हतं ते. वायरनं घट्ट बांधलं होतं." बस, एवढंच. पुढं चारचौघांत हा किस्सा निघाला की ते म्हणतात, आमच्या साडूंनी लिंबू बांधलं. सगळे हसतात, मी पण हसतो. माझ्या बायकोनं तर मला आठवडाभर फैलावर घेतलं. इथं खरं सांगितलं तरी चालेल, कारण लग्नपत्रिका सोडली तर साडूभाऊ मराठी वाचत नाहीत.

गाडी परत न्यायच्या दिवशी ताई आली. एमआरटीनं. अंकलनं गाडी ट्रकवर चढवून पट्टे आवळले. साडूभाऊ हातात हेल्मेट घेऊन आले होते. म्हणाले, "अंकल, मी वर बसू? इस्टेटच्या गेटपर्यंत?"

"कॅनॉट ला, सर. नॉट अलाऊड."

नॉट अलाऊड म्हटल्यावर साडूभाऊंनी पुन्हा विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. अंकलनं गल्लीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "टिल गेट ओन्ली. आय नेव्हर सी."

ते वर चढले, टबात पडले, हेल्मेट घातलं. ट्रक बैलगाडीच्या चालीनं निघाला. मी स्कूटर काढली, ताई मागं बसली. "बघ कसा बसलाय," ती म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. गल्लीच्या टोकाला डावीकडं वळण होतं. ट्रकचा डावा इंडिकेटर लागला. आणि त्याच्या वर, त्या खेकड्याच्या मागं, साडूभाऊंचाही डावा इंडिकेटर लागला.

मागं रस्त्यावर कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. ताईनं माझ्या खांद्यावरून हात थोडा वर केला, दिसतोय असं सांगायला. वळण संपेपर्यंत तो पिवळा दिवा लुकलुकत राहिला, आणि ट्रक सरळ झाल्यावर त्यांनी तो आठवणीनं बंद केला.