गाडी धुवायची बादली

माझा उजवा पाय एकदा बादलीत अडकून गंगाखेडच्या रेल्वे स्टेशनवर गेला होता. पायाबरोबर मलाही जावं लागलं.

झालं असं, की आमची लेक मनीषा चार महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून यायची होती. नात पहिल्यांदा आजोळी येणार म्हणजे गाडी लख्ख पाहिजे! पण आमच्या ह्यांचा खांदा आखडलेला. स्टिअरिंग धरता येई, हात वर जात नसे. म्हणजे धुणार मीच. आणि घरातली बादली वापरायला माझा ठाम नकार! आंघोळीच्या बादलीत गाडीचा चिखल? शिव शिव! फरशीच्या बादलीला फिनेलचा वास.

म्हणून आदल्या दिवशी बाजार गाठला. मी उंचीनं बेताची (हे ‘बुटकी’ म्हणतात). गाडीच्या टपाला हात पोचत नाही. तेव्हा मला एकाच बादलीत दोन कामं हवी होती: पाणी भरायचं आणि पालथी घालून वर उभंही राहायचं. दुकानदारानं एक लालभडक बादली काढून तिच्या बुडावर थाप मारली.

“बेफिकीर न्या बाई! हत्ती उभा ऱ्हायला तरी काय होत न्हाई!”

माझ्याकडे बघून त्याला हत्तीच का आठवला, हे मी विचारलं नाही.

सकाळी पदर खोचून बादली पालथी घातली. हे खुर्चीत चहा पीत बसलेले.

“अगं, पालथी घातल्यावर पाणी कशात घेणार?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पण नवऱ्यासमोर तसं कबूल करायची आमच्या घरात पद्धत नाही. मुकाट्यानं आंघोळीची बादली भरून आणली.

“ह्या बादलीला चिखल चालत नव्हता ना?”

“चहा थंड व्हायलाय तुमचा!”

चढले. अर्धं टप चकाचक झालं. पलीकडचा कोपरा राहिला म्हणून टाचा उचलल्या आणि कडाड! बूड फुटून पाय आरपार खाली! वर ओढला की प्लास्टिकची टोकं पोटरीला टोचायची.

“अहो, बघता काय? कापा की!”

“कात्री चालंना गं! लय जाड हाय.” हे घामाघूम झाले. तेवढ्यात मनीषाचा फोन आला, “बाबा, गाडीनं परळी सोडली!”

“तू घरीच ऱ्हा,” हे म्हणाले. “मी आणतो त्यांना.”

“नात पहिल्यांदा यायलीय अन् मी घरी बसू? चला!”

मागच्या सीटवर पाय लांब करून बसले. वाटेत हे हळूच म्हणाले, “ओळखील का गं ती आपल्याला?”

“न वळखायला काय झालं!” म्हणाले खरी, पण खात्री मलाही नव्हती. बाळंतपणात मी महिनाभर पुण्याला मनीषापाशी होते, पण तेव्हा नात सारखी झोपलेलीच असायची.

फलाटावर खडखड करत निघाले. एका बाईंनी कळवळून विचारलं, “पायाला नवीन प्रकारचं प्लास्टर हाय का?”

“हो,” मी म्हणाले. “डॉक्टरनं रंग विचारला होता.”

मनीषा डब्यातून उतरली आणि थबकलीच.

“आई! हे काय?”

“गाडी धुवायलते.”

“पायात बादली घालून?”

ती हसता हसता रडायला लागली आणि बाळासकट माझ्या गळ्यात पडली. ह्यांनी आखडलेला हात जमेल तेवढा पुढे केला, तर नातीनं भोकाड पसरलं! ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मी भीतभीत जवळ सरकले. ती गप्प झाली. बघत राहिली. आणि बोळकं उघडून खुदकन हसली!

माझे डोळे भरून आले. “बघितलं? रक्ताची वळख असती!”

“अगं,” हे हळूच म्हणाले, “ती खाली बघायलीय.”

मी पाय जरासा हलवला. बादली खडखडली. नात खिदळली!

मग काय? दुपारपर्यंत त्या बादलीला मी कुणाला हात लावू दिला नाही.