छपरावरची दोन वर्तुळं

रबर अण्णांच्या काळ्या पँटवर, उजव्या मांडीशी, कायम एक पांढरा पंजा उमटलेला असे. मोटरहोमच्या रबरी छपरावरून ते तळहात फिरवत, तो पँटला पुसत आणि मान वाकवून पँटकडे बघत. पांढरं उमटलं की म्हणत, "अजून मेलेलं रबर निघतंय, अक्का. परत धुवायचं."

अण्णा निपाणीकडचे. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरत. आमचे हे निवृत्त झाले आणि आम्ही व्हाइटफील्डच्या सोसायटीत एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, आणून उभं केलं. छप्पर उन्हाने भुरभुरीत झालेलं. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची तरुणी होते. निघण्याआधीच साऱ्या नातेवाइकांना "आम्ही निघालो" असं कळवून बसलेली, त्यामुळे घाई अफाट.

अण्णांना घाईचा शब्द चालत नसे. "लेप लावायचं काम एका सकाळचं. धुवायचं तीन दिवसांचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ब्रशने घासायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा हात फिरवायचा. मी खालून टोमणे मारी, "अण्णा, छप्पर धुताय की देव?" ते वरून शांतपणे म्हणत, "स्वल्प दम धरा की."

तिसऱ्या दिवशी दुपारी पँटवर काही उमटलं नाही. अण्णा खूश झाले. "उद्या सकाळी लावतो. तोवर वर कुणी चढू नगा."

आता माझा पराक्रम ऐका. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, आमच्या बाल्कनीत ऊन नाही, आणि प्रवासासाठी घातलेलं कैरीचं लोणचं मुरायचं राहिलेलं. ते छप्पर कसं लख्ख, तापलेलं! अण्णांची पाठ वळताच मी साडी खोचली आणि दोन बरण्या घेऊन मागच्या शिडीने वर. संध्याकाळी उतरवल्या तर उन्हाने तेल वर येऊन ओघळलेलं. पदराने पुसलं. पदराने! तेव्हा मला ते स्वच्छ वाटलं.

सकाळी लेपाचा डबा उघडण्याआधी अण्णांनी विचारलं, "वर कुणी गेलं न्हाई न्हवं, अक्का?"

"छे! कोण जाणार?"

"सरी, बरं," म्हणाले, आणि त्या दिवशी हात फिरवून पाहिलाच नाही. माझ्या शब्दावर लेप चढला.

पहिल्याच मोठ्या सरीत पाणी थेट आमच्या गादीवर आलं. नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीच्या गच्चीवर लेप लावायचं काम अण्णांना द्यायचं घाटत होतं. भाड्याचं दुकान सोडून स्वतःची गाडी घ्यायची, एवढं त्यांचं त्या कामावर अवलंबून होतं; मला त्यांनीच सांगितलेलं. आणि मी सेक्रेटरीसमोर, चारचौघांत, घसा फोडून ओरडले, "तीन दिवस नुसतं पाणी ओतलं या माणसाने!"

अण्णा वर चढले. लेप दोन जागी पापडासारखा सुटला होता. दोन गोल, बरणीच्या बुडाएवढे. त्यांनी त्यात बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि वरून माझ्याकडे पाहिलं. मी सेक्रेटरीकडे पाहिलं.

खाली उतरून ते सगळ्यांना म्हणाले, "माझंच चुकलं. बघून लावाय पायजे होतं."

पुन्हा तीन दिवस धुतलं, पुन्हा लावलं. गच्चीचं काम दुसऱ्याला गेलं. निघताना ते माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "अक्का, लोणच्यात हिंग झ्याक पडलाय." मी हसले. हो, हसले! त्यानंतर ते आमच्या भागात दिसले नाहीत. ते छप्पर मात्र आम्ही गाडी विकेपर्यंत थेंबभरही गळलं नाही.

गेल्या महिन्यात गच्ची पुन्हा गळायला लागली म्हणून सभा भरली. मी उठून सगळं सांगितलं. बरण्या, पदर, "छे!" सगळं. वाटलं, आता तरी कुणी चार शब्द सुनावेल. तर सगळे खो खो हसले. "आजी म्हणजे ना!"

एक नवी मुलगी तेवढी हसली नाही. फोन हातात घेऊन म्हणाली, "आपण त्यांनाच शोधू या ना, आजी. नाव काय त्यांचं?"

"रबर अण्णा."

"ते हो. पण खरं नाव?"

आठ दिवस तो माणूस माझ्या डोक्यावर उभा राहून राबला होता. मी खाली बसले.